आचारी, आचार्य आणि ओपन सोर्सचे नियम

(राजा घाटावरील गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

॥ श्री गणेशाय नमः ॥



भाद्रपदात गंगामाई राजा घाटाच्या खालच्या पायऱ्या पोटात घेऊन बसलेली असते, म्हणून आपण वर, आडोशाला जमलो आहोत. या उत्सवात आजवर कीर्तने झाली, नाट्यगीते झाली, काशीतल्या मराठी घराण्यांच्या इतिहासावर विद्वानांची व्याख्याने झाली. यंदा समितीने मला बोलायला सांगितले आणि मी विषय दिला, 'ओपन सोर्स प्रकल्पाला कोड देण्याचे नियम'. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवून विचारले, "अहो, गणपतीत हे काय काढलेत?"

मी त्यांना म्हटले, अण्णा, हा विषय बाप्पाचाच आहे. व्यासांनी महाभारत सांगायचे आणि गणपतीने लिहून घ्यायचे असे ठरले, ती गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. गणपतीने अट घातली की तुम्ही मध्ये थांबायचे नाही. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय तू एक अक्षरही लिहायचे नाहीस. दुसऱ्याच्या मोठ्या कामात हातभार लावणाऱ्याने पाळायचा हा नियम आहे, आणि साक्षात बुद्धिदात्याने तो मान्य केला. मी मात्र तो पाळला नाही. त्याची फजिती आज आपल्यापुढे सांगणार आहे.

मी डिप्लोमा झालेला रेल्वेचा माणूस. संगणकशास्त्र शिकलेलो नाही. थोडा हौसेने आणि थोडा गरजेने शिकलो. गरज पडली ती याच स्मरणिकेमुळे.

काही वर्षांपूर्वी स्मरणिकेची पाने जुळवण्याचे काम माझ्याकडे आले. आभाराचा मजकूर दरवर्षी साधारण तोच असतो, म्हणून जुन्या अंकाची फाईल काढली. ती जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप केलेली होती. आज आपण मोबाईलवर लिहितो ते युनिकोड. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. जुन्या फॉन्टात तसे नव्हते. त्यात संगणकाला वाटायचे की आपण इंग्रजी लिहितो आहोत, फक्त इंग्रजी अक्षराच्या जागी चित्र देवनागरीचे दिसायचे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की सगळा मजकूर अगम्य. तेव्हा ही फाईल युनिकोडमध्ये बदलून देणारा एक छोटासा फुकट प्रोग्राम मी मिळवला, पाच मिनिटांत पाने बदलली, वरवर नजर टाकली आणि छापायला दिली.

अंक वाटला. दुसऱ्या दिवशी महाप्रसादाच्या पंगती उठल्यावर आपले मुख्य आचारी माझ्याकडे आले. वीसेक वर्षे या उत्सवाची चूल त्यांनी सांभाळली. हातात अंक होता. ते म्हणाले, "साहेब, आमचं नाव छापू नका, काही नाही. पण आमचे आभार दुसऱ्यांना कशाला दिले?"

मी पान पाहिले. लिहायचे होते, महाप्रसाद सिद्ध करणाऱ्या आचाऱ्यांना मनःपूर्वक धन्यवाद. छापले गेले होते, आचार्यांना मनःपूर्वक धन्यवाद. पळीसारखा दिसणारा तो अर्धा र होता, त्याचा रफार होऊन वर जाऊन बसला होता, आणि धुरात उभे राहून पुरण शिजवणाऱ्यांचे आभार व्यासपीठावर शालजोडी घेणाऱ्यांना गेले होते. मंडळी हसली. आचारी हसले नाहीत. मीही त्या रात्री नीट झोपलो नाही.

हा पळीचा र आपल्या मराठीचे खास लेणे आहे. हिंदीत त्याचे काम पडत नाही. आपल्याकडे दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या. तो बिघडला तर शब्दच फिरतो. युनिकोडमध्ये तो लिहिण्याची सोय आहे. ऱ हे वेगळे अक्षर घ्यायचे, त्याला हलन्त लावायचा आणि पुढे य किंवा ह लिहायचा. र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह असा जुना मार्गही चालतो. म्हणजे युनिकोडची सोय बरोबर होती. चूक त्या छोट्या प्रोग्रामात होती, आणि न वाचता छापायला देणाऱ्या माझ्यात.

इथे क्षणभर थांबून सोर्स कोड म्हणजे काय ते सांगतो. कारखान्यातल्या मित्रांना लगेच पटेल. आपला बनारस रेल इंजन कारखाना, २०२० पर्यंतचे डीएलडब्ल्यू. जानेवारी १९६४ मध्ये इथून पहिले डिझेल इंजिन बाहेर पडले, ते अमेरिकेच्या आल्को कंपनीच्या आराखड्यावर. १९६९ मध्ये आल्कोने इंजिने बनवणे बंद केले. पण आपले काम थांबले नाही. पुढे कित्येक दशके आपण त्याच घराण्याची इंजिने बनवली आणि सुधारली. कारण केवळ तयार इंजिन विकत घेतलेले नव्हते. नकाशे आणि बनवण्याची विद्या हाती आलेली होती. संगणकाचा प्रोग्राम म्हणजे इंजिन आणि सोर्स कोड म्हणजे त्याचे नकाशे. बहुतेक कंपन्या इंजिन देतात, नकाशे कुलपात ठेवतात. ओपन सोर्सवाले नकाशेही देतात आणि बदल करून तो इतरांना देण्याची लेखी मुभा देतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. आज आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच लिनक्स आहे.

माझ्या छोट्या प्रोग्रामचे नकाशेही असेच उघडे होते. मी ठरवले, तक्रार कशाला करायची, आपणच दुरुस्त करू.

तीन रविवार बसलो. मजकूर बदलून झाला की शेवटी त्यात जिथे जिथे र्या दिसेल तिथे ऱ्या करायचे, अशी युक्ती काढली. आचाऱ्यांना बरोबर आले. मी टाळी वाजवली. मग लक्षात आले की मर्यादाची मऱ्यादा झाली आणि सूर्याचा सूऱ्या झाला. तेव्हा अपवादांची यादी करायला घेतली. घरातला एक छापील कोश काढला आणि त्यातून शेकडो शब्द टाइप केले. जाता जाता मूळ लेखकाची मांडणी मला आवडली नाही म्हणून सगळ्या ओळी माझ्या सवयीप्रमाणे सरकवल्या, काही नावे बदलली. आणि 'चूक दुरुस्त केली' एवढे तीन शब्द लिहून प्रकल्पाकडे पाठवून दिले.

चार दिवसांनी उत्तर आले. प्रकल्प सांभाळणाऱ्या माणसाला मेंटेनर म्हणतात. या मेंटेनर गृहस्थांनी सौम्य शब्दांत लिहिले होते की हा बदल घेता येणार नाही, कृपया योगदानाचे नियम वाचून पुन्हा पाठवा. खाली सहा शंका.

खरे सांगतो, मला राग आला. फुकट काम करतो आहे, रविवार घालवले आहेत आणि हे मला नियम शिकवतात! आठवडाभर मी तिकडे पाहिले नाही. मग एका दुपारी शेडमध्ये एक प्रसंग घडला. आमच्या एका होतकरू मुलाने इंजिनातल्या एका पाइपचा मार्ग स्वतःच्या डोक्याने बदलला. हेतू चांगला, काम सुबक. मीच त्याच्यावर ओरडलो, "अरे, मॉडिफिकेशन शीट कुठे आहे? उद्या हे इंजिन दुसऱ्या शेडमध्ये गेले तर तिथल्या माणसाला काय कळणार?" आपल्याकडे इंजिनात बदल करायचा तर लखनौच्या आरडीएसओकडून लेखी शीट येते. कोणत्या इंजिनात, काय, कशासाठी आणि कसे, हे सगळे त्यात असते. बोलता बोलता माझे मलाच ऐकू आले. घरी गेलो आणि ते नियम पहिल्यापासून वाचले.

मंडळी, बहुतेक ओपन सोर्स प्रकल्पांत अशी नियमांची एक फाईल असते. तपशील वेगवेगळे, पण गाभा एकच. तो माझ्या शब्दांत सांगतो आणि प्रत्येक नियमामागचे कारणही सांगतो, कारण कारण कळले की नियम टोचत नाही.

पहिला नियम : आधी वाचा, आधी विचारा. आपल्याला सापडलेली चूक कोणी आधी नोंदवली आहे का, कोणी तिच्यावर काम करते आहे का, हे पाहायचे. मोठा बदल असेल तर लिहिण्यापूर्वी विचारायचे. आणि काम करायचे ते प्रकल्पाच्या ताज्या प्रतीवर. मी वर्षभरापूर्वीची प्रत घेऊन बसलो होतो. दरम्यान ती फाईल पुष्कळ बदलली होती. म्हणजे जुन्या नकाशावरून नव्या इंजिनाचा भाग कातला.

दुसरा नियम : एका वेळी एकच बदल. पळीच्या र ची दुरुस्ती वेगळी, मांडणी वेगळी, नावे वेगळी. मी सगळे एकत्र कालवले होते. शंभर ओळी बदललेल्या दिसल्या तर खरी दुरुस्ती कोणत्या पाच ओळींत आहे हे तपासणाऱ्याने कसे शोधायचे? आणि उद्या त्यातले एक चुकले तर तेवढेच मागे कसे घ्यायचे? मांडणीच्या बाबतीत तर घरच्या यजमानाची पद्धत पाळायची. आपण कोणाकडे जेवायला गेलो तर त्यांची मांडणी उचकटून भांडी आपल्या क्रमाने लावत नाही.

तिसरा नियम : का केले ते लिहा. काय बदलले हे ओळींवरून दिसतेच. का बदलले हे फक्त बदलणाऱ्याला ठाऊक असते, आणि दोन वर्षांनी त्यालाही आठवत नाही. प्रत्येक बदलाबरोबर एक टिपण लिहायचे असते. आधी काय चुकत होते, कोणाला त्रास होता, हाच मार्ग का निवडला. काशीतल्या मंडळींना हे नवे नाही. कमलाकर भट्टांनी १६१२ मध्ये याच नगरीत निर्णयसिंधु पूर्ण केला. त्या परंपरेत नुसता निर्णय देऊन भागत नाही. आधी दुसऱ्याचे मत प्रामाणिकपणे मांडायचे, मग आपले, आणि आधार द्यायचा. 'चूक दुरुस्त केली' हे माझे तीन शब्द त्या सभेत कोणी ऐकून घेतले असते का?

चौथा नियम : चाचणी जोडा. आपला बदल चालतो एवढे पुरत नाही. आधीचे काही मोडले नाही हेही दाखवायचे. त्यासाठी छोट्या चाचण्या लिहितात. अमुक मजकूर दिला तर अमुकच बाहेर आले पाहिजे. मेंटेनरनी मला विचारले होते, "कार्यालय, पर्याय, भार्या यांचे काय होते?" यादीत नसलेला प्रत्येक शब्द माझ्या दुरुस्तीने बिघडला असता. तो प्रोग्राम हिंदी आणि नेपाळी मजकुरासाठीही लोक वापरत होते. एका मराठी शब्दासाठी मी शेजाऱ्यांचे शेकडो शब्द मोडायला निघालो होतो, आणि तेही परोपकाराच्या भावनेने!

पाचवा नियम : जे आपले नाही ते देऊ नका. मेंटेनरची सर्वांत साधी शंका हीच होती, "ही शब्दांची यादी कुठून आणली?" कोश कोणाच्या तरी कष्टाचा आणि कोणाच्या तरी हक्काचा. मी तो विकत घेतला होता म्हणजे जगाला वाटण्याचा हक्क घेतला नव्हता. माझ्या हातून ती यादी प्रकल्पात गेली असती, तर दोष मेंटेनरच्या माथी आला असता. लिनक्सवाल्यांनी २००४ पासून यासाठी एक सोपी प्रथा ठेवली आहे. आदल्या वर्षी एका कंपनीने लिनक्समध्ये आपला कोड आहे असा दावा लावून खटला भरला होता, त्यानंतरची ही गोष्ट. प्रत्येक बदलाखाली देणाऱ्याने एका ओळीत सही करायची. तिचा अर्थ एवढाच, की हे मी लिहिले आहे किंवा हे देण्याचा मला अधिकार आहे. स्टोअरमधून माल काढताना आपण सही करतो, तितकीच ती गंभीर आहे.

इथे नोकरदार बंधूंना एक गोष्ट कळकळीने सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम हीसुद्धा साहित्यकृती धरली आहे. त्या कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, नोकरीचे काम म्हणून लिहिलेल्याचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. सरकारी कामाचा मालक सरकार. तेव्हा कार्यालयासाठी लिहिलेला प्रोग्राम कितीही चांगला असला तरी परस्पर बाहेर द्यायचा नाही. लेखी परवानगी मागायची. सरकार याच्या विरुद्ध आहे असे मुळीच नाही. २०१५ मध्ये केंद्र सरकारने ओपन सोर्स वापरण्याचे धोरण आणले आणि सरकारी प्रोग्रामांचा कोड खुला करण्याचे धोरणही आणले. दार आहे, फक्त दारातून जायचे.

सहावा नियम : शंका घेणाऱ्यावर रागावू नका. आपण दिलेल्या कोडावर लोक प्रश्न विचारतात, दोनदा-तीनदा परत पाठवतात. तो आपला अपमान नसतो. आणि उत्तराला उशीर लागला तर रोज आठवण करून द्यायची नाही. समोरचा माणूस बहुधा आपल्यासारखाच नोकरी करून, मुलांना झोपवून, रात्री अकराला हे काम करत असतो.

हे सगळे इतके कडक कशासाठी, असे कोणी विचारील. मार्च २०२४ मधली घटना सांगतो. एक्सझेड नावाचा फायली दाबून लहान करणारा एक प्रोग्राम आहे, जगातल्या असंख्य लिनक्स संगणकांवर असतो. तो सांभाळणारा माणूस जवळजवळ एकटा आणि थकलेला होता. एका अनोळखी व्यक्तीने टोपणनावाने दोन वर्षांहून अधिक काळ त्याला मदत केली, विश्वास मिळवला, सांभाळण्याचा अधिकार मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले. त्याने ते सोडून दिले नाही, मुळापर्यंत गेला आणि २९ मार्चला जगाला सावध केले. अर्ध्या सेकंदाची शंका घेणारा माणूस नसता तर काय झाले असते, याची कल्पना करा. दारावर विचारपूस करणारा माणूस पाहुण्याचा शत्रू नसतो.

आणि एक अगदी ताजा नियम. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा यंत्रमुनीम सांगितले की क्षणात कोड लिहून देतो. जेंटू आणि नेटबीएसडी या प्रकल्पांनी २०२४ मध्येच असा कोड नको असे सांगितले. काही प्रकल्प चालेल म्हणतात, पण जबाबदारी तुमची. तरुणांनी प्रत्येक ठिकाणचा नियम पाहावा. माझ्यापुरते मी व्यासांची अट धरतो. अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही पाठवायचे नाही. कोणी "ही ओळ कशासाठी?" असे विचारले आणि मला सांगता आले नाही, तर ती ओळ माझी नाही.

आता माझ्या गोष्टीचा शेवट. नियम वाचल्यावर मी ताजी प्रत घेतली आणि या वेळी आधी नकाशा समजून घेतला. तेव्हा दिसले की जुन्या फॉन्टात रफाराचा क्रमांक वेगळा आहे आणि पळीच्या र चा वेगळा. दोन्ही मुळातच निराळे! रफार अक्षरानंतर टाइप करतात आणि प्रोग्राम तो उचलून अक्षराच्या आधी नेतो. पळीचा र आधीच टाइप करतात. प्रोग्रामच्या तक्त्यात मात्र दोघांपुढे एकच उत्तर लिहिले होते, साधा र आणि हलन्त. म्हणजे आचारी आणि आचार्य यांच्यातला भेद शेवटी यादी लावून शोधायची गरजच नव्हती. तो पहिल्या पायरीवर हजर होता आणि तिथेच पुसला जात होता. तक्त्यातली एक ओळ बदलली. र च्या जागी ऱ. कोशातली यादी गेली, माझी मांडणी गेली, तीन रविवारांचे काम गेले. उरली एक ओळ आणि अकरा शब्दांची चाचणी. त्यात आचाऱ्यांना होता, आचार्यांना होता, दर्या होता, दऱ्या होत्या, आणि सूर्य तर होताच. खाली टिपण लिहिले, हे दोन शब्द मराठीत कसे वेगळे आहेत आणि एका स्मरणिकेत काय घडले.

मेंटेनरनी दोन शंका विचारल्या. मी उत्तरे दिली. एका चाचणीत माझीच टंकनाची चूक निघाली, ती सुधारली. सात आठवड्यांनी एके सकाळी निरोप आला, बदल स्वीकारला. खाली त्यांनी लिहिले होते की मराठी येत नाही, पण टिपण वाचून आता मला हा फरक कायमचा कळला. मंडळी, नोकरीत मला प्रशस्तिपत्रे मिळाली आहेत. पण त्या एका ओळीचा आनंद वेगळा होता.

आपल्यातल्या ज्यांना कोड येत नाही त्यांनी हे आपले काम नव्हे असे समजू नये. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले आणि रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केलेले लोहित फॉन्ट असोत, मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता असो, किंवा फायरफॉक्ससारख्या प्रोग्रामचे मराठी रूप असो, ते टिकते ते चुका दाखवणाऱ्यांमुळेसुद्धा. मराठी ल आणि श यांची वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत; महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये ती ठरवून दिली. आपल्या संगणकावर ती बिघडलेली दिसली तर नीट तक्रार लिहा. कोणता प्रोग्राम, कोणती आवृत्ती, काय टाइप केले, काय दिसायला हवे होते, काय दिसले, आणि सोबत एक चित्र. "मराठी नीट दिसत नाही" एवढे लिहून उपयोग नाही. जुन्या मराठी घरांत मोडी कागद असतात. ती मोडीही जून २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली, ती कोणी तरी अक्षरन् अक्षर पुराव्यासह मांडले म्हणूनच.

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. आपण बसलो आहोत तो घाट अमृतराव पेशव्यांच्या नावाने ओळखला जाई. घाट बांधणाऱ्याचे नाव राहते. पण दरवर्षी पूर ओसरला की पायऱ्यांवर कंबरभर गाळ साचलेला असतो आणि कोणी तरी तो पाण्याचा फवारा मारून पुन्हा गंगेत लोटत असते. त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. ओपन सोर्समध्येही कोड देणारा देऊन जातो; गाळ काढायला मेंटेनर मागे उरतो. योगदानाचे सगळे नियम त्याच्या बाजूने लिहिलेले असतात, आणि तसेच ते असावेत. आपण देतो ते त्याच्या पाठीवरचे ओझे होऊ नये, एवढे पाहिले की सगळे नियम आपोआप पाळले जातात.

त्या आचाऱ्यांचे वय आता झाले आहे. चूल त्यांच्या मुलाने हाती घेतली आहे. यंदाच्या स्मरणिकेतले आभाराचे पान मी स्वतः, बोट ठेवून, तीनदा वाचले आहे. दुरुस्त झालेल्या त्याच प्रोग्रामातून ते निघाले आहे. पहिली प्रत घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी अंक दूर धरून ते वाक्य वाचले आणि म्हणाले, "आता बरोबर आलं साहेब. बसा, चहा घ्या."

बोलण्यात काही चुकले असेल तर जरूर दाखवावे. आता मी रागावणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!